दैनंदिन सांधेदुखी : बाह्य लेप आणि आधारपट्ट्यांचा विवेकपूर्ण वापर
(गुडघ्याच्या सांधेझिजेच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

वयाची चाळिशी उलटली की जिना उतरताना गुडघ्यात कळ येणे, मांडी घालून बसल्यावर उठताना हाताचा टेकू घ्यावा लागणे, सलग दोन तासिका उभे राहून शिकविल्यानंतर गुडघे जड होणे या तक्रारी घरोघरी ऐकू येतात. त्या इतक्या सार्वत्रिक आहेत की 'वयोमानाप्रमाणे चालायचेच' असे म्हणून त्यांची बोळवण केली जाते. अशा घरातील औषधांच्या डब्यात बहुधा एक बामची बाटली, अर्धवट वापरलेली वेदनाशामक जेलची ट्यूब आणि सैल पडलेली नी कॅप असते. या तिन्ही वस्तू कधीतरी, कोणाच्या तरी सांगण्यावरून आणलेल्या असतात. काही दिवस वापरून 'गुण आला नाही' म्हणून त्या बाजूला पडतात आणि मग औषधाच्या दुकानातून थेट वेदनाशामक गोळ्या आणण्यास सुरुवात होते.

प्रश्नाचे गांभीर्य नेमके येथे आहे. सांधेदुखीने त्रस्त असणाऱ्या व्यक्ती बहुधा उतारवयातील असतात. त्यांपैकी अनेकांना उच्च रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असतो. अशा व्यक्तींनी दाहरोधक वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्यास जठरातील व्रण व रक्तस्राव, रक्तदाबातील वाढ, मूत्रपिंडाच्या कार्यातील बिघाड आणि हृदयविकाराचा वाढता धोका संभवतो. त्यामुळे बाह्य लेप किंवा आधारपट्टा हा किरकोळ घरगुती उपचार राहत नाही. तो योग्य रीतीने वापरला तर अनेक रुग्णांना गोळी टाळता येते अथवा कमी करता येते. अयोग्य रीतीने वापरला तर पैसे वाया जातात आणि रुग्ण नकळत अधिक धोकादायक उपचाराकडे ढकलला जातो.

हा प्रश्न केवळ शहरी जीवनशैलीचा नाही. पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावी डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये 'कॉपकॉर्ड' या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत घरोघरी जाऊन पाहणी केली. तिचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. चार हजारांहून अधिक प्रौढांच्या या पाहणीत सुमारे १८ टक्के व्यक्तींना सांधे, स्नायू व हाडे यांच्याशी संबंधित वेदना असल्याचे आढळले. शेतीकाम करणाऱ्या समाजात ही वेदना थेट रोजगाराशी निगडित असते, हे वेगळे सांगावयास नको.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे

१. सांधेझिजेतील वेदनेचे स्वरूप थोडक्यात स्पष्ट करणे.
२. बाह्य औषधांचे प्रकार, त्यांची कार्यपद्धती, योग्य मात्रा व मर्यादा यांचे विवेचन करणे.
३. आधारपट्टे, स्प्लिंट व काठी यांची उपयुक्तता उपलब्ध संशोधनाच्या आधारे तपासणे.
४. या साधनांचे व्यायामाशी असलेले नाते आणि सुरक्षित वापराची पथ्ये मांडणे.

सांधेझीज आणि वेदना

'संधिवात' हा शब्द मराठीत फार व्यापक अर्थाने वापरला जातो. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने त्यात अनेक भिन्न विकारांचा समावेश होतो. त्यांतील सर्वाधिक आढळणारा प्रकार म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस, अर्थात सांधेझीज. रुमॅटॉइड आर्थ्रायटिस हा यापासून सर्वस्वी निराळा विकार असून त्यात शरीराची प्रतिकारयंत्रणाच सांध्यांवर आघात करते. या दुसऱ्या प्रकारात लेप आणि पट्टे हे केवळ पूरक ठरतात. मूळ रोग आटोक्यात आणणारी औषधे वेळेवर सुरू न केल्यास सांधे कायमचे वाकडे होण्याची भीती असते. म्हणून सांधेदुखी कोणत्या प्रकारची आहे याचे निदान हीच उपचाराची पहिली पायरी होय.

सांधेझिजेत हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत कूर्चा विरळ होत जाते, हे सर्वज्ञात आहे. मात्र कूर्चेत मज्जातंतू नसतात, त्यामुळे ती स्वतः दुखत नाही. वेदना उत्पन्न होते ती कूर्चेखालील हाडातून, सांध्याच्या आतील अस्तराला आलेल्या दाहातून, ताणल्या गेलेल्या अस्थिबंधांतून आणि दुर्बळ झालेल्या स्नायूंमधून. त्यामुळेच क्ष-किरण चित्रातील झीज व प्रत्यक्ष वेदना यांचे प्रमाण अनेकदा जुळत नाही. चित्रात बरीच झीज असूनही एखादी व्यक्ती विनातक्रार चालते, तर अल्प झीज असलेली दुसरी व्यक्ती लंगडते.

या वस्तुस्थितीतून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. झिजलेली कूर्चा पूर्ववत करणारा कोणताही लेप अथवा पट्टा आज उपलब्ध नाही. परंतु वेदनेची जी अन्य उगमस्थाने आहेत, त्यांपैकी काहींवर बाहेरून परिणाम घडविता येतो. अस्तराचा दाह कमी करता येतो, वेदनेच्या संवेदना सौम्य करता येतात आणि सांध्यावरील भाराची वाटणी काही अंशी बदलता येते. बाह्य उपचारांचे मूल्यमापन याच मर्यादेत करावयास हवे.

बाह्य औषधे : प्रकार आणि कार्यपद्धती

दुकानात एकाच फळीवर मांडलेली मलमे, जेल, बाम व तेले ही एकाच जातीची औषधे आहेत असा सर्वसाधारण समज असतो. वास्तविक त्यांचे कार्य भिन्न मार्गांनी होते.

(अ) दाहरोधक वेदनाशामक जेल

डायक्लोफेनॅक, कीटोप्रोफेन यांसारखी औषधे या गटात मोडतात. शरीरात दाह निर्माण करणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यांची निर्मिती ती रोखतात. ॲस्पिरिनसारखी औषधे नेमकी याच पद्धतीने कार्य करतात हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले आणि १९८२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाचा सहमान मिळाला. तेच औषध त्वचेवर लावले असता ते त्वचेखालील ऊतींमध्ये व उथळ सांध्यांमध्ये झिरपते, पण रक्तात फार थोडे पोहोचते. डायक्लोफेनॅकच्या एक टक्का जेलची पूर्ण मात्रा एका गुडघ्यावर वापरली असता रक्तातील औषधाचा एकूण संपर्क गोळीच्या तुलनेत सुमारे सहा टक्केच असतो. जठर व मूत्रपिंड यांना होणारा धोका कमी असण्याचे कारण हेच आहे.

उपयुक्ततेविषयी मात्र अवास्तव अपेक्षा बाळगू नये. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन समीक्षेत दहा हजारांहून अधिक रुग्णांवरील चाचण्यांचा एकत्रित विचार करण्यात आला. सहा ते बारा आठवडे डायक्लोफेनॅक लावणाऱ्या शंभर रुग्णांपैकी सुमारे साठ जणांची वेदना लक्षणीयरीत्या कमी झाली. औषधविरहित जेल लावणाऱ्यांमध्ये ही संख्या सुमारे पन्नास होती. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. औषधाचा स्वतःचा परिणाम खरा आहे, पण तो माफक आहे. तसेच नियमितपणे चोळणे, सांध्याकडे लक्ष देणे आणि वेदनेचा नैसर्गिक चढउतार यांमुळेही बराच आराम पडतो. माफक लाभ आणि अल्प धोका यांचा मेळ पाहूनच अमेरिकन कॉलेज ऑफ रुमॅटॉलॉजीच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी गुडघ्याच्या सांधेझिजेसाठी या जेलची ठाम शिफारस केली. ब्रिटनमधील 'नाइस' या संस्थेनेही २०२२ मध्ये, औषधाची गरज भासल्यास गुडघ्यासाठी प्रथम असेच जेल द्यावे, असे सुचविले आहे.

'गुण आला नाही' या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा मात्रेत असते. अमेरिकेत २००७ मध्ये मान्यता मिळालेल्या आणि २०२० पासून चिठ्ठीविना उपलब्ध असलेल्या एक टक्का डायक्लोफेनॅक जेलची गुडघ्यासाठीची मात्रा एका वेळी ४ ग्रॅम, दिवसातून चार वेळा अशी आहे. हाताच्या सांध्यांसाठी ती एका वेळी २ ग्रॅम असून सर्व सांधे मिळून दिवसाला ३२ ग्रॅमची मर्यादा आहे. या हिशेबाने एका गुडघ्यासाठी दिवसाला १६ ग्रॅम जेल लागते, म्हणजे आपल्याकडे सामान्यतः मिळणारी ३० ग्रॅमची ट्यूब दोन दिवसही पुरत नाही. एका वेळी २ ग्रॅम, दिवसातून तीन वेळा अशी कमी मात्रा धरली तरी तीच ट्यूब पाच दिवसांत संपते. ज्या घरात एक ट्यूब दोन महिने टिकते, त्या घरात औषधाची परीक्षाच झालेली नसते. शिवाय परिणाम जाणवण्यास सात दिवसांपर्यंत अवधी लागू शकतो. दुखेल तेव्हा वाटाण्याएवढे लावणे आणि एक-दोन आठवडे ठरावीक वेळी पुरेसे लावणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

अर्थात खर्चाचा विचार अटळ आहे. म्हणून जेल सर्वांगाला लावण्याचे औषध नसून एकदोन सांध्यांपुरते वापरण्याचे औषध आहे, हे ध्यानात ठेवावे. दोन आठवडे नेमाने वापरून फरक पडतो का ते पाहावे. पडला तर वेदना वाढेल त्या काळात वापरावे, न पडल्यास बंद करावे. डॉक्टरांच्या सल्ल्याविना सलग तीन आठवड्यांहून अधिक काळ वापरू नये. गुडघा, मनगट व बोटांचे सांधे त्वचेलगत असल्याने तेथे जेल उपयोगी पडते. खुब्याचा सांधा स्नायूंच्या जाड थराखाली खोल असल्याने तेथे जेल चोळून विशेष साध्य होत नाही.

(आ) मिरचीतील कॅप्सेसिन

पोर्तुगीजांच्या द्वारे गोव्यात आलेली मिरची पुढे भारतीय स्वयंपाकघराचा अविभाज्य भाग झाली. तिच्या तिखटपणाचे कारण असलेले कॅप्सेसिन हे द्रव्य वेदनाशामक म्हणूनही वापरले जाते. त्वचेतील मज्जातंतूंच्या टोकांवर उष्णता ओळखणारा एक ग्राहक असतो. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये कॅप्सेसिनच्या साहाय्यानेच त्याचा शोध लावला आणि २०२१ मध्ये ज्युलियस यांना आर्डेम पॅटापुटियन यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. कॅप्सेसिन लावल्यावर प्रथम आग होते, पण वारंवार लावत राहिल्यास तेथील मज्जातंतूंची टोके वेदनेचे संदेश पाठविण्यास असमर्थ होतात.

या यंत्रणेमुळे त्याच्या वापराचा नियमही ठरतो. ०.०२५ ते ०.०७५ टक्का तीव्रतेचे मलम दिवसातून तीन ते चार वेळा, खंड न पाडता, दोन ते चार आठवडे लावावे लागते. अधूनमधून लावल्यास केवळ आग होते, लाभ होत नाही. लावल्यानंतर हात साबणाने स्वच्छ धुणे अत्यावश्यक आहे. डोळ्यांना स्पर्श होण्याचा धोका असल्याने हाताच्या बोटांसाठी ते सुचविले जात नाही. गुडघ्यासाठी मात्र अमेरिकन मार्गदर्शक तत्त्वांनी त्याची सशर्त शिफारस केली आहे.

(इ) बाम

मेंथॉल, कापूर, निलगिरी तेल आणि मिथाइल सॅलिसिलेट म्हणजे विंटरग्रीन तेल हे बामचे प्रमुख घटक असतात. भारतीय घरांशी बामचे नाते जुने आहे. काशिनाथुनी नागेश्वरराव यांनी १८९३ मध्ये मुंबईतच 'अमृतांजन'ची मुहूर्तमेढ रोवली होती. बाममुळे त्वचेला थंडावा किंवा ऊब जाणवते आणि या नव्या संवेदनेमुळे वेदनेची जाणीव काही काळ मागे पडते. मज्जारज्जूत स्पर्शाच्या संवेदना वेदनेच्या संदेशांची वाट अडवू शकतात, असा सिद्धांत रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडला. चोळल्याने बरे वाटते, या अनुभवाचे स्पष्टीकरण त्यातून मिळते.

तात्पुरत्या आरामासाठी बाम वापरण्यास हरकत नाही. परंतु सॅलिसिलेटयुक्त मलमांचा दीर्घकालीन सांधेदुखीत लाभ होतो याला २०१४ च्या कॉक्रेन समीक्षेत आधार मिळाला नाही. शिवाय 'बाम म्हणजे निरुपद्रवी' हा समज घातक ठरू शकतो. विंटरग्रीन तेलाच्या एका चमच्यात, म्हणजे ५ मिलिलिटरमध्ये, सुमारे ७ ग्रॅम सॅलिसिलेट असते. ३२५ मिलिग्रॅमच्या वीसहून अधिक ॲस्पिरिन गोळ्यांइतके ते असल्याने लहान मुलाच्या पोटात गेल्यास प्राणघातक ठरू शकते. रक्त पातळ करणारे वॉरफेरिन घेणाऱ्या व्यक्तींनी असा बाम मोठ्या भागावर वारंवार चोळल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो.

येथे आणखी एक बाब नमूद करणे आवश्यक आहे. आपल्याकडील अनेक वेदनाशामक जेलमध्ये डायक्लोफेनॅकबरोबरच मिथाइल सॅलिसिलेट व मेंथॉलही मिसळलेले असते. त्यामुळे वेष्टनावरील घटकांची यादी वाचल्याविना हातातील ट्यूब जेलच्या गटात मोडते की बामच्या, हे सांगता येत नाही. वर दिलेली ४ ग्रॅमची मात्रा ही केवळ डायक्लोफेनॅक असलेल्या जेलची आहे. मिश्र उत्पादनांच्या बाबतीत वेष्टनावरील सूचना व डॉक्टरांचा सल्ला हाच प्रमाण मानावा.

(ई) तेल आणि अभ्यंग

कोमट तेलाने हलक्या हाताने केलेले मालिश आखडलेले स्नायू सैल करते आणि पुढील हालचाल सुकर करते. व्यायामापूर्वीची तयारी म्हणून त्याचे स्थान निश्चित आहे. परंतु सुजलेला, लाल व गरम झालेला सांधा जोराने चोळू नये. आयुर्वेदातही संधिगतवात आणि आमवात यांत भेद केलेला असून आमवाताच्या आरंभी स्नेहनाऐवजी गरम वाळूच्या पुरचुंडीचा कोरडा शेक सांगितला जातो. सर्व सांधेदुखीला एकच तेल, ही धारणा त्या परंपरेलाही मान्य नाही.

आधारसाधने : पट्टा, स्प्लिंट आणि काठी

(अ) लवचीक नी कॅप

दुकानात मिळणारी कापडी किंवा निओप्रिनची नी कॅप हाडांवरील भार प्रत्यक्षात फारसा कमी करीत नाही. तिच्यामुळे सांध्याला ऊब मिळते आणि त्वचेवरील हलक्या दाबामुळे गुडघ्याच्या स्थितीची जाणीव सुधारते. 'गुडघा दगा देईल' ही भीती कमी झाल्याने व्यक्ती अधिक विश्वासाने चालते. हा लाभ लहान असला तरी भीतीमुळे चालणे सोडलेल्या व्यक्तीच्या दृष्टीने मोलाचा आहे.

(आ) भार वळविणारा पट्टा

गुडघ्याची झीज बहुधा आतल्या बाजूस अधिक होते. झीज वाढली की पाय बाहेरच्या बाजूस कमानीसारखा वाकतो, त्यामुळे आतल्या बाजूवर आणखी भार येतो आणि हे दुष्टचक्र चालू राहते. बिजागरीयुक्त भार-वळवणारा पट्टा तीन ठिकाणी दाब देऊन हा भार काही अंशी बाहेरच्या बाजूस नेतो. तो तज्ज्ञाकडून मापानुसार बसवून घ्यावा लागतो. तो महाग व अवजड असतो आणि सलवार, पायजमा किंवा साडीखाली वागवणे गैरसोयीचे असते. म्हणूनच अनेक रुग्ण तो काही महिन्यांत सोडून देतात.

(इ) वाटीचा पट्टा

काहींची वेदना मुख्यतः गुडघ्याच्या वाटीमागे असते. जिना उतरताना व उकिडवे बसून उठताना ती बळावते. मँचेस्टर येथे १२६ रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वाटीला आधार देणारा पट्टा सहा आठवडे वापरल्यावर वेदना कमी झाली आणि एमआरआय चित्रात वाटीच्या सांध्यातील हाडाचा विकारग्रस्त भागही घटलेला आढळला. दुखण्याचे नेमके स्थान ओळखून पट्टा निवडल्यास काय साधते, याचे हे उदाहरण होय.

(ई) अंगठ्याचे स्प्लिंट

फळ्यावरील लेखन, उत्तरपत्रिका तपासणे, कणीक मळणे, कपडे पिळणे या कामांत अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्यावर मोठा ताण येतो. फ्रान्समध्ये ११२ रुग्णांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रात्री वापरावयाचे स्प्लिंट देण्यात आले. एका महिन्यानंतर फरक दिसला नाही, परंतु बारा महिन्यांनंतर वेदना व हाताचे कार्य या दोहोंत सुधारणा आढळली. आठ दिवसांत निष्कर्ष काढून साधन फेकून देणे किती चुकीचे ठरू शकते, हे यावरून दिसते.

(उ) काठी

सर्वांत स्वस्त, तरीही संकोचापोटी सर्वाधिक टाळले जाणारे साधन म्हणजे काठी. अमेरिकन मार्गदर्शक तत्त्वांनी चालण्यास अडचण असणाऱ्यांसाठी तिची ठाम शिफारस केली आहे. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध बाजूच्या हातात धरावी आणि दुखरा पाय टाकताना ती सोबत टेकवावी. बहुतेक जण ती दुखऱ्या बाजूलाच धरतात, त्यामुळे शरीर त्या बाजूस कलते व अपेक्षित लाभ मिळत नाही. ताठ उभे राहून हात सैल सोडला असता काठीची मूठ मनगटाच्या रेषेपाशी यावी.

(ऊ) शिफारशींतील भेदाचा अर्थ

पट्ट्यांविषयी तज्ज्ञांत एकवाक्यता नाही असे वरवर पाहता वाटते. २०१५ च्या कॉक्रेन समीक्षेने गुडघ्याच्या पट्ट्यांच्या लाभाविषयीचा पुरावा अनिर्णायक ठरविला. २०१९ च्या अमेरिकन मार्गदर्शक तत्त्वांनी गुडघ्याच्या पट्ट्याची ठाम शिफारस केली, तर २०२२ मध्ये 'नाइस'ने असे पट्टे सरसकट देऊ नयेत असे म्हटले. तपशील पाहिल्यास हा विरोध बराचसा मावळतो. अमेरिकन शिफारस ही चालणे, सांध्याचे स्थैर्य किंवा वेदना यांवर झीजेचा पुरेसा मोठा परिणाम झालेल्या रुग्णांपुरती आहे. 'नाइस'नेही सांधा अस्थिर असेल वा त्यावरील भार विषम असेल, पट्ट्याविना व्यायाम परिणामकारक वा शक्य नसेल आणि पट्ट्याने हालचाल सुधारण्याची शक्यता असेल, तर त्याला वाव ठेवला आहे. थोडक्यात, 'गुडघा दुखतो म्हणून पट्टा' हे सूत्र टिकत नाही. 'पट्ट्यामुळे ही व्यक्ती अधिक चालू शकेल काय?' हा प्रश्न विचारणे दोहोंनाही अभिप्रेत आहे.

लेप आणि पट्टा एकत्र वापरताना

लेप आणि पट्टा यांचे धोके स्वतंत्रपणे सांगितले जातात, परंतु ते एकत्र वापरले असता उद्भवणाऱ्या धोक्याकडे दुर्लक्ष होते. बाम चोळून त्यावर लगेच नी कॅप चढविणे किंवा गरम पाण्याची पिशवी ठेवणे ही आपल्याकडील सर्रास आढळणारी सवय आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०१२ मध्ये मेंथॉल, मिथाइल सॅलिसिलेट किंवा कॅप्सेसिनयुक्त उत्पादनांमुळे क्वचित प्रसंगी गंभीर भाजल्यासारख्या इजा झाल्याचे जाहीर केले. मेंथॉल ३ टक्क्यांहून व मिथाइल सॅलिसिलेट १० टक्क्यांहून अधिक असलेल्या उत्पादनांत हे प्रकार अधिक आढळले होते. घट्ट आवरणाखाली व उष्णतेखाली औषध अधिक वेगाने शोषले जाते आणि त्वचेची हानी होते. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्या व्यक्तीला ही हानी वेळीच समजतही नाही. या दृष्टीने पुढील पथ्ये पाळावीत.

१. बाम किंवा कॅप्सेसिन लावलेल्या भागावर घट्ट पट्टा बांधू नये, तसेच शेक घेऊ नये.
२. डायक्लोफेनॅक जेल लावलेल्या भागावरही घट्ट आवरण वा शेक नको. पट्ट्याची वेळ आणि जेलची वेळ वेगळी ठेवणे श्रेयस्कर.
३. जखम, पुरळ किंवा इसब असलेल्या त्वचेवर कोणताही लेप लावू नये. जेल लावलेला भाग उन्हापासून झाकावा. कीटोप्रोफेनच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे आहे.
४. ॲस्पिरिन वा तत्सम गोळीने दमा उसळणाऱ्या व्यक्तींनी, तसेच गर्भवती स्त्रियांनी दाहरोधक जेल डॉक्टरांना विचारल्याविना वापरू नये. जेलसोबत त्याच गटातील गोळी स्वतःहून घेऊ नये.
५. पट्टा मापाचा असावा. त्याखाली बोट सहज सरकले पाहिजे. पाऊल बधिर होणे, थंड वा निळसर पडणे, पोटरी सुजणे ही पट्टा तत्काळ काढण्याची लक्षणे होत. पोटरीची सूज व वेदना कायम राहिल्यास त्वरित डॉक्टरांना दाखवावे.
६. गुडघ्याचा पट्टा चालण्याच्या व कामाच्या वेळी वापरावा. अन्यथा सांगितले नसल्यास रात्री काढून ठेवावा.

मूळ उपचार : हालचाल

लेप आणि पट्टा यांचे खरे प्रयोजन हालचाल शक्य करणे हे आहे. दुखते म्हणून व्यक्ती चालणे कमी करते, न चालल्याने मांडीचे स्नायू क्षीण होतात, क्षीण स्नायूंमुळे सांध्यावर अधिक धक्के बसतात आणि वेदना वाढते. हे चक्र जेथे तुटते तेथे उपचार सुरू होतो. लेपाने मिळालेली उसंत विश्रांतीत घालविली तर चक्र अबाधित राहते. तीच उसंत व्यायामासाठी वापरली तर ते तुटू लागते.

या व्यायामासाठी साधनांची गरज नाही. पाय सरळ ठेवून गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल पाच सेकंद दाबून धरणे, उताणे झोपून सरळ पाय वीतभर उचलून धरणे, खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठण्याचा सराव करणे हे प्रकार फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घेतल्यास घरी करता येतात. सुरुवातीस वेदना किंचित वाढली तरी ती झीज वाढल्याची खूण नसते. वजन अधिक असल्यास ते घटविणे तितकेच महत्त्वाचे आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार शरीराचे वजन एक किलोने कमी झाले की चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी घटतो. कोणत्याही पट्ट्याला हे साधत नाही.

राहणीतील साधे बदलही लेपाइतकेच उपयोगी पडतात. भाजी निवडणे, निवडणटिपण, पूजा यांसाठी जमिनीऐवजी खुर्ची किंवा उंच पाट वापरणे, उकिडवे बसणे टाळणे, शौचालयात कमोडची सोय करणे, सलग उभे राहून व्याख्यान देण्याऐवजी मधूनमधून बसणे वा जागेवर फेऱ्या मारणे यांमुळे गुडघ्यावरील ताण हलका होतो.

वैद्यकीय सल्ला केव्हा घ्यावा

घरगुती व्यवस्थापनाला मर्यादा आहेत. सांधा अचानक सुजून लाल व गरम होणे, सोबत ताप येणे, पडल्यानंतर पायावर भार न पेलणे, गुडघा मध्येच अडकणे, वेदनेने रात्रीची झोप मोडणे किंवा कारणाविना वजन घटणे ही लक्षणे दिसल्यास लेपावर विसंबून राहू नये. सकाळी अर्ध्या तासाहून अधिक काळ टिकणारा ताठरपणा आणि दोन्ही हातांच्या लहान सांध्यांची सूज ही रुमॅटॉइड आर्थ्रायटिसची लक्षणे असू शकतात. चिकुनगुन्यानंतरची सांधेदुखीही महिनोन्‌महिने रेंगाळू शकते, तिचे निदान व उपचार वेगळे असतात.

निष्कर्ष

बाह्य लेप आणि आधारपट्टे यांच्याविषयी समाजात दोन टोकाच्या भूमिका आढळतात. एक त्यांना रामबाण मानते, दुसरी निरर्थक ठरविते. उपलब्ध संशोधन यांपैकी कोणत्याही भूमिकेला पुष्टी देत नाही. दाहरोधक जेलचा लाभ माफक आहे, पण तो गोळीच्या तुलनेत फार कमी धोक्यात मिळतो आणि त्यासाठी पुरेशी मात्रा व नियमितता आवश्यक असते. पट्ट्याचा लाभ दुखण्याचे स्थान, सांध्याची स्थिती आणि वापरणाऱ्याचे सातत्य यांवर अवलंबून असतो. दोन्ही साधने स्नायूंच्या बळाची जागा घेऊ शकत नाहीत. ते बळ मिळविण्याच्या काळात ती सोबत करतात. घरातील वडीलधाऱ्यांसाठी ट्यूब किंवा पट्टा आणून देणाऱ्याने त्यासोबत मात्रा, कालावधी आणि व्यायाम यांची माहितीही दिली, तर अनावश्यक गोळ्यांपासून व त्यांच्या दुष्परिणामांपासून त्या व्यक्तीचे बऱ्याच अंशी रक्षण होऊ शकेल.